पियानो तिथेच राहिला

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे वाङ्मय आपल्याकडे साधारणतः १९६० नंतर पोहोचले. डॉ. म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून आले आणि त्यांनी त्या वाङ्मयाकडे आपले लक्ष वेधले, प्रा. जनार्दन वाघमारे यांनी त्याचा सविस्तर परिचय करून दिला. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचे नावही तिकडूनच आले. कविता आली, आत्मकथन आले, आवळलेली मूठ आली. पियानो मात्र आला नाही. त्याची आपल्याला गरजच वाटली नाही. ती का वाटली नाही, हा प्रश्न मी या लेखात विचारतो आहे, आणि तो प्रथम स्वतःलाच विचारतो आहे.

निमित्त एका विद्यार्थिनीचे आहे. मुलुंडच्या ज्या महाविद्यालयात मी शिकवतो तेथे ती शिकते. राहते घाटकोपरला, पुनर्वसनाच्या इमारतीत, २२५ चौरस फुटांच्या घरात, पाच माणसांत. तिचे आजोबा वस्तीच्या जलशात पेटी वाजवीत. पेटीवरून ही मुलगी कीबोर्डवर गेली आणि कीबोर्डवरून बाखवर. जर्मनीत अठराव्या शतकात होऊन गेलेला, चर्चचा नोकर असलेला हा संगीतकार घाटकोपरच्या तिसऱ्या मजल्यावर कसा पोहोचला, ही हकिकत मोठी आहे. ती येथे सांगत नाही. कार्यकर्त्यांच्या एका बैठकीत ती सहज बोलून गेली, की मला पियानोवादक व्हायचे आहे. मैफलीत एकटीने बसून वाजवायचे आहे. कोणीतरी विचारले, “हे कोणासाठी? यातून समाजाला काय?” मग सर्वांनी माझ्याकडे पाहिले, कारण मी प्राध्यापक. मी म्हणालो, “आपल्याला ढोलकी पुरते.” सगळे हसले. ती हसली नाही. जाताना एवढेच म्हणाली, “सर, नीना सिमोनलाही असेच काहीतरी सांगितले होते.”

नीना सिमोन मला ठाऊक होती. म्हणजे तिचे मिसिसिपीवरचे निषेधगीत ठाऊक होते. एवढ्या भांडवलावर मी तिच्याविषयी व्याख्यानेही दिली आहेत. ती मुळात गायिका नव्हतीच, तिला गायिका व्हायचेही नव्हते, हे मला तिचे १९९१ साली प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र वाचेपर्यंत ठाऊक नव्हते.

तिचे मूळ नाव युनिस वेमन. जन्म २१ फेब्रुवारी १९३३, नॉर्थ कॅरोलिना राज्यातील ट्रायॉन या लहान गावी. आठ भावंडांत ती सहावी. आई मेथडिस्ट पंथाची धर्मोपदेशक, आणि पोटासाठी गोऱ्यांच्या घरी कामाला जाणारी. वडिलांनी मिळेल तो धंदा केला. मुलगी तीन-चार वर्षांची असतानाच कानाने ऐकून ऑर्गन-पियानो वाजवू लागली आणि थोड्याच दिवसांत चर्चमध्ये प्रार्थनेला साथ करू लागली. आई जिच्याकडे काम करीत असे त्या गोऱ्या बाईने तिच्या पहिल्या वर्षाच्या शिकवणीचे पैसे दिले. शिकवणारी म्युरियल मॅझानोविच ही मूळची इंग्लंडची, गावात स्थायिक झालेली. तिने मुलीच्या हातात बाख दिला. पुढे गावाने तिच्या नावाने निधी उभारला. काळ्यांनी दिले, गोऱ्यांनीही दिले.

येथे थोडे थांबले पाहिजे. आश्रय देणाऱ्याचा हात आणि आश्रिताची मान यांचे नाते आपल्याला नवीन नाही. बाबासाहेबांना १९१३ साली बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली ती संस्थानची दहा वर्षे नोकरी करण्याच्या कराराने, आणि त्या नोकरीत बडोद्याला त्यांना राहायला जागा मिळाली नाही, हे आपल्या घराघरांत सांगितले जाते. युनिसलाही निधीचा अर्थ लवकरच कळला. ती अकरा-बारा वर्षांची असताना गावच्या ग्रंथालयात तिचा कार्यक्रम झाला. आईवडील पुढच्या रांगेत बसले होते. गोऱ्यांना जागा करून देण्यासाठी त्यांना उठवून मागे नेण्यात आले. मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, आईवडील पुढे बसणार असतील तरच मी वाजवीन. त्यांना पुढे आणावे लागले. तिने वाजवले. काय वाजवले? जे ठरले होते तेच. निषेधाचे गाणे नव्हे. माझ्या मते ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. त्या मुलीने कार्यक्रम उधळला नाही, आणि वाजवायचे ते बदललेही नाही. ऐकणाऱ्यांची रांग तेवढी बदलायला लावली.

१९५० च्या उन्हाळ्यात ती न्यूयॉर्कच्या जुलियार्ड संगीतशाळेत कार्ल फ्रीडबर्ग यांच्याकडे शिकली. डोळ्यांपुढे फिलाडेल्फियाची कर्टिस इन्स्टिट्यूट होती. तेथे निवड झाली की शिकवणी फुकट, म्हणून स्पर्धा भयंकर. मुलगी तेथे जाणारच या खात्रीने सारे कुटुंब गाव सोडून फिलाडेल्फियाला येऊन राहिले. १९५१ मध्ये तिने परीक्षा दिली. तिला नाकारले.

आपण काळ्या म्हणून नाकारल्या गेलो, असे ती मरेपर्यंत म्हणत राहिली. कर्टिसमधील व्लादिमीर सोकोलॉफ यांच्याकडे ती नंतर खाजगी शिकली; त्यांचे म्हणणे होते, की रंगाचा संबंध नव्हता, तिच्याहून सरस उमेदवार होते. यात खरे कोण? दलित समीक्षकाने येथे ताबडतोब बाजू घ्यावी अशी अपेक्षा असते. मी घेत नाही. त्या खोलीत कोणाच्या मनात काय होते हे सिद्ध करण्यास माझ्याजवळ साधन नाही. शिवाय त्याच कर्टिसमधून १९४५ साली जॉर्ज वॉकर हा कृष्णवर्णीय तरुण पदवी घेऊन बाहेर पडला होता, तोही पियानोचाच. तेव्हा दार मुळातच बंद होते, असे म्हणता येत नाही.

परंतु माझे सांगणे वेगळेच आहे. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात राखीव जागेसाठी माझी मुलाखत झाली. पाच मिनिटांची. पुढे कळले, की शेरा पडला : लायक उमेदवार उपलब्ध नाही. जागा रिकामी राहिली. हा शेरा वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या ओळखीचा असेल. मी कमी पडलो होतो का? कदाचित पडलोही असेन. तेच कळायला मार्ग राहत नाही, हीच या व्यवस्थेची खरी शिक्षा आहे. गोऱ्या मुलाला नापास केले की तो नापास होतो. घरी जातो, पुन्हा सराव करतो. काळ्या मुलीला नापास केले की ती जन्मभर विचार करीत राहते, माझी बोटे कमी पडली की माझी कातडी. ज्याला आपल्या अपयशाचे कारणही स्वच्छपणे कळू दिले जात नाही, त्याच्या ‘गुणवत्तेची’ चर्चा इतरांनी सावकाश करावी.

आणि ज्याला दार उघडले त्याचे काय झाले? वॉकर रुडॉल्फ सेरकिन यांचा शिष्य. १९४५ मध्येच त्याने न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये स्वतंत्र मैफल केली, फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राबरोबर रॅखमॅनिनॉफचा तिसरा कन्चर्टो वाजवला. पियानोवादकाच्या आयुष्याला याहून चांगला आरंभ कोणता असू शकतो? तरीही मैफली ठरवणाऱ्या कंपन्यांनी त्याला वर्षानुवर्षे हिंग लावून विचारले नाही. काळ्याची शास्त्रीय मैफल विकता येणार नाही, हा त्यांचा हिशोब. शेवटी तो संगीतरचनेकडे आणि अध्यापनाकडे वळला. १९९६ साली त्याला संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. ते मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय रचनाकार. वय तेव्हा ७३. सोळा वर्षांच्या आंद्रे वॉट्सला १९६३ साली न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर ऐन वेळी वाजवायला मिळाले आणि त्याचे पुढे जगभर नाव झाले, हेही खरे आहे. अपवाद असतातच. अपवादांची छायाचित्रे व्यवस्थेच्या कचेरीत नेहमी भिंतीवर लावलेली असतात.

युनिसने फिलाडेल्फियात शिकवण्या केल्या. १९५४ मध्ये अटलांटिक सिटीच्या एका दारूच्या गुत्त्यात पियानो वाजवण्याची नोकरी धरली. पहिल्या रात्री ती शास्त्रीय आणि इकडचे-तिकडचे मिसळून वाजवीत राहिली. मालकाने सांगितले, उद्यापासून गाणेही म्हणायचे, नाहीतर काम नाही. म्हणून ती गायली. आईला हे सैतानाचे संगीत कळू नये म्हणून नाव बदलले : नीना सिमोन. जगाला जो आवाज एवढा मोठा वाटला तो अशा रीतीने नोकरीच्या अटीतून बाहेर आला. मला हे वाचून हसू आले नाही. माझ्या बैठकीतले वाक्य आठवले. त्या गुत्तेवाल्याचे म्हणणे काय होते? पियानो पुरे, तुमच्याकडून आम्हाला जे ऐकायचे आहे ते ऐकवा. ‘आपल्याला ढोलकी पुरते’ या वाक्याचा अर्थ याहून फार निराळा आहे काय?

तिने हार मात्र मानली नाही, आणि समीक्षक म्हणून मला हे सांगणे आवश्यक वाटते. कारण तिच्यावर लिहिणारे बहुतेक लोक तिच्या रागावर आणि दुःखावर लिहितात, तिच्या डाव्या हातावर लिहीत नाहीत. तिचे ‘लव्ह मी ऑर लीव्ह मी’ हे सुरुवातीचे ध्वनिमुद्रण ऐका. गाणे नाटक-सिनेमातले, अगदी बाजारातले. मध्ये ती गाणे थांबवते आणि पियानोवर दोन हातांनी दोन स्वतंत्र चाली सुरू करते. एक पळते, दुसरी तिला गाठते, दोन्ही आपापल्या वाटेने जाऊन नेमक्या जागी भेटतात. हा बाख आहे. गुत्त्यातल्या गाण्याच्या पोटात तिने तो लपवून आणला. कर्टिसने तिला जे वाजवू दिले नाही ते तिने दारू पिणाऱ्यांना ऐकवले, आणि टाळ्या घेतल्या. त्या पहिल्या रेकॉर्डचे सारे हक्क तिने ३,००० डॉलरला विकले होते, हे जाता जाता सांगतो; पुढची कमाई इतरांची. लोक तिला जाझ गायिका म्हणत, त्याचा तिला संताप येई. काळे माणूस पियानोवर बसले की ते जाझच, हे कोणी ठरवले? आपण वाजवतो ते कृष्णवर्णीयांचे अभिजात संगीत, असे ती म्हणे.

१२ एप्रिल १९६३ रोजी ती न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये बसली. लहानपणी जेथे बसायचे ठरवले होते तेच व्यासपीठ. पण कार्यक्रम बाखचा नव्हता, गाण्यांचा होता, आणि याची खंत तिला होती. त्याच दिवशी बर्मिंगहॅममध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांना अटक झाली. १२ जूनला मेडगर एव्हर्स यांचा खून झाला. १५ सप्टेंबरला बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार मुली ठार झाल्या. बातमी ऐकून ती घरातल्या सामानातून बंदूक बनवू लागली. नवऱ्याने तिला सांगितले, तुला मारामारीतले काय कळते? तुझ्याजवळ आहे ते संगीत. तासाभरात तिने मिसिसिपीचे गाणे लिहिले. चाल ठेवली नाटकातल्या हलक्याफुलक्या गाण्याची, आणि तिच्यावर शब्द ठेवले निखाऱ्यासारखे. दक्षिणेतल्या एका विक्रेत्याने त्या रेकॉर्डच्या साऱ्या प्रती मोडून, खोक्यात भरून परत पाठवल्याचे तिने लिहिले आहे.

हे वाचताना माझ्यासारख्याला घाटकोपर आठवणारच. ११ जुलै १९९७. माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना, जमलेल्या लोकांवर पोलिसांचा गोळीबार, दहा माणसे ठार. चार दिवसांनी, १५ जुलैला, मुलुंडच्या झोपडपट्टीत राहणारे शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. मी त्या काळात लेख लिहिले, सभा घेतल्या. घोगरे यांच्या मरणावर मी लिहिले. त्यांच्या गाण्याची बांधणी कशी होती, मुखडा कुठून उचलत, आवाज कुठे सोडून देत, श्रोत्यांना कोणत्या जागी ओळ परत देत, यावर मी एक ओळही लिहिली नाही. त्या माणसाने आयुष्यभर जे काम केले त्याकडे दुर्लक्ष करून मी त्याच्या शेवटाचे प्रतीक केले. प्रस्थापित समीक्षक आपल्या साहित्यात ‘वेदना’ शोधतो आणि रचनेबद्दल मौन पाळतो, म्हणून आपण त्याच्यावर रागावतो. मी घोगरे यांच्या बाबतीत वेगळे काय केले?

सिमोनने एका तासात गाणे लिहिले, हे सगळे सांगतात. त्या तासामागे बाखची वीस वर्षे होती, हे कोणी सांगत नाही.

मुंबईतही पियानोचे, म्हणजे पाश्चात्य अभिजात संगीताचे, जग आहे आणि ते जुने आहे. मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. ऐकणारे दक्षिण मुंबईचे. वाजवणाऱ्यांत मात्र गोव्याच्या ख्रिस्ती वादकांचा भरणा मोठा. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकवले जाई. ही मुले मुंबईत आली, हॉटेलांच्या बँडमध्ये राबली, आणि पुढे चित्रपटांत गेली. मालाडची बॉम्बे टॉकीज, गोरेगावचे फिल्मिस्तान या उपनगरांतल्या कंपन्यांच्या संगीताला वाद्यवृंद हवा होता, आणि पन्नास वादकांनी काय वाजवायचे ते कागदावर उतरवून देण्याची विद्या बहुतेक संगीत दिग्दर्शकांना येत नव्हती. ती या लोकांना येत होती. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन, ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांचे वाद्यवृंद बांधले. श्रेयनामावलीत नाव आले तर आले, तेही सहायक म्हणून.

यांतच माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. जन्म १९२७, वडील चर्चचे संगीतशिक्षक. १९४३ मध्ये मुंबईला आले. व्हायोलिनवादक, वाद्यवृंदरचनाकार, प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांचे शिक्षक. चित्रपटांत पोट भरत असतानाच त्यांनी १९५८ साली शंभरावर वादकांचा इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात रागांवर आधारलेल्या, पाश्चात्य वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या स्वतःच्या रचना सादर केल्या. लता मंगेशकर, मन्ना डे त्यात गायले. तो वाद्यवृंद टिकला नाही. १९६५ च्या सुमारास ते अमेरिकेला गेले, परत आल्यावर चित्रपटांकडे वळले नाहीत, गोव्याला राहिले; २०१२ मध्ये वारले. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’त प्यारेलालनी गुरूला मानवंदना म्हणून नायकाला त्यांचे नाव मिळवून दिले. आज ते नाव उच्चारले की लोकांना अंड्यातून बाहेर पडणारा अमिताभ आठवतो.

गोन्साल्विस यांना मी दलित ठरवू पाहत नाही; गोव्याच्या चर्चमध्येही जात आहे आणि तिच्यावर वेगळे लिहावे लागेल. मुद्दा एवढाच, की अभिजात संगीत येणारा श्रमिक बाजाराला हवा असतो, अभिजात संगीत वाजवणारा कलावंत म्हणून नको असतो. हात हवेत, नाव नको. अटलांटिक सिटीतही हेच, गोरेगावातही हेच.

बैठकीतल्या प्रश्नाचे उत्तर मात्र अजून राहिले. हे कोणासाठी? आपल्यातला कोणी आठ-आठ तास एकटा बसून बाख वाजवील तर तो समाजापासून तुटणार नाही काय? ही भीती मी खोटी मानत नाही. ज्या घरात पाच माणसांना झोपायला जागा नाही तेथे पाच फूट रुंद, दोनशे किलोंचा पियानो ठेवणे म्हणजे भिंतीपलीकडच्या जगात जायला निघणे, आणि गेलेले लोक परत येत नाहीत हा आपला अनुभव आहे. परंतु पुण्याच्या सिंबायोसिस संस्थेतील स्मारकात एक व्हायोलिन ठेवलेले आहे. ते बाबासाहेबांचे. उतारवयात, मधुमेहाने शरीर पोखरलेले असताना, कामाचा डोंगर समोर असताना हा माणूस व्हायोलिन शिकत होता. कोणासाठी? मी त्या व्हायोलिनपुढे विद्यार्थ्यांना घेऊन दोनदा उभा राहिलो आहे आणि दोन्ही वेळा ‘साहेबांना कलेची आवड होती’ एवढे सांगून पुढच्या कपाटाकडे सरकलो आहे. आवड हा शब्द अपुरा आहे. चवदार तळ्याचे पाणी तहान लागली म्हणून प्यायले गेले नव्हते, हे आपण नेहमी सांगतो. पण त्याबरोबर हेही सांगायला हवे, की पाणी हे शेवटी पिण्यासाठीच असते. आपल्यातल्या कोणालातरी बाख केवळ बाखसाठी हवा असू शकतो. हक्क त्याचाही आहे.

आत्मचरित्र वाचून झाल्यावर मी त्या विद्यार्थिनीकडे गेलो. क्षमा मागायची होती. नीट मागता आली नाही. तिने मला कीबोर्ड दाखवला. ६१ पट्ट्यांचा, जुना घेतलेला. मी शहाणपणा केला, म्हणालो, पियानोला तर ८८ असतात. ती म्हणाली, बाखच्या काळच्या वाद्यांना तेवढ्या नव्हत्याच. त्याच्या चोवीस प्रिल्यूड-फ्यूगांचा पहिला संच चार सप्तकांत बसतो, याच्यावर पाच आहेत. अडचण दुसरीच आहे : या पट्ट्या हलक्या, पियानोच्या जड; यांच्यावर बोटांत ताकद येत नाही. नीनाच्या बोटांत ताकद होती, असेही ती म्हणाली. सिमोन २१ एप्रिल २००३ रोजी फ्रान्समध्ये वारली. त्याच्या दोन दिवस आधी कर्टिसने तिला सन्माननीय पदवी दिली. हे मी तिला सांगितले. तिला ते आधीच माहीत होते.

आमच्या मंडळाच्या जयंतीच्या कार्यक्रमात तिला दहा मिनिटे द्यावीत, असा प्रस्ताव मी मांडला आहे. चिटणीसांनी विचारले, शब्द नसलेले वाजवणे लोक बसून ऐकतील का, आणि डीजेवाल्याला तेवढा वेळ काय सांगायचे? चर्चा पुढच्या बैठकीवर गेली आहे. तिने दोन रचना तयार करून ठेवल्या आहेत. सराव रात्री अकरानंतर चालतो, कानाला हेडफोन लावून, कारण शेजारच्या खोलीत पहाटेच्या पाळीला जाणारा माणूस झोपलेला असतो.